पीळ

नांदेडला, विद्यापीठातल्या आमच्या प्रयोगशाळेत
बा एकदाच आला. चपला दाराबाहेर काढून.
"राहू द्या काका," शबाना म्हणाली. त्यानं काढल्याच.
थंडपेटीवरचा उणे ऐंशीचा आकडा पाहिला
आणि गमजा गळ्याभोवती घट्ट केला.

टेबलावर डीएनएचा प्लॅस्टिकचा नमुना,
भिंतीवर कुठल्याशा परिषदेचं चकचकीत पोस्टर.
तो एकदा इकडे बघे, एकदा तिकडे.
मग म्हणाला,
"ह्या दोन्हीतला एक उलटा वळलाय बग."

चार वर्षं आम्ही सहाजण त्या पोस्टरखाली डबे खातोय.
पीळ डावा छापला होता.
शबानानं खाली पेनानं लिहिलं:
उलटा. तपासले, इरबा घोडके.

*

मुखेडकडचं आमचं गाव.
अंबाडी डबक्यात कुजवायची, वाख सोलायचा, झोडायचा.
वास आठ-आठ दिवस केसांतून जात नसे.
कासरा, दावं, शिंकं, नाडा.
नाडा आमचा, विहीर त्यांची.
आमच्या हातचा दोर पाण्यापर्यंत जाऊन यायचा,
आम्ही लांब उभे, घागर पुढे करून.

तो वळायचा, मी टोक धरायची.
"सोडू नको. सोडलंस की गेलं."
पीळ फार झाला की दोर स्वतःवरच चढायचा,
मध्येच आढी, साप बसल्यागत,
आणि बा शिवी द्यायचा.

पुढे कळलं, त्या शिवीचं समीकरण आहे.
टोकं धरून ठेवली तर
पेडांचा पीळ अधिक दोराचं वेटोळं,
ही बेरीज हलत नाही.
एक कमी करा, दुसरं वाढतं.
पेशीतही तेच. डोळ्याला न दिसणाऱ्या जागेत
दोन मीटर दोर,
आणि आढी पडली की एक प्रथिन येतं,
कापतं, आरपार जाऊ देतं, पुन्हा सांधतं.
शिवी न देता.
त्या प्रथिनामागे माझी तिशी गेली.

*

जेवताना त्याला नवी बातमी सांगितली.
गणितातली गाठ म्हणजे टोकं जोडलेली.
"टोकं जोडल्यावर बैल कशाला बांधायचा?"
ऐक तर.
एक गाठ आहे, ती सुटायला तीनदा
दोर दोरातून आरपार न्यावा लागतो.
तिची आरशातली बहीण, तिलाही तीनदा.
दोघी एकाच दोरात ओवल्या, तर किती?
"सहा."
सगळे सहाच धरून चालले होते, बा. कित्येक वर्षं.
परवा-परवा कुणीतरी करून दाखवलं. पाच.

त्यानं भाकरीचा तुकडा ताटात ठेवला.
"गावात सांगत फिरू नको.
सहाचं काम पाचात व्हायलंय कळालं
की मजुरी तोडतेत."

*

वरच्या मजल्यावर केंद्रे सर. भौतिकीचे.
ते म्हणतात, सपाट जगात काही कण असेही असतात,
एकमेकांभोवती फिरवले तर फेरा विसरत नाहीत.
त्यांची वेणी घालायची, वेणीत आकडा ठेवायचा.
धक्का लागो, धग लागो,
आकडा कुठल्याच एका कणात नाही,
तर पुसणार कोण?
"जमलं का, सर?"
"कुणी म्हणतं जमलं. कुणी म्हणतं, परत मोजा."

सुंभ जळला तरी पीळ जळत नाही.
ही म्हण गावानं आमच्यावरच वापरली,
सुंभ आमच्याकडूनच घेऊन.

लहानपणी मी खरं-खोटं करून पाहिलं होतं.
वीतभर सुंभ, चुलीमागे, फरशीच्या तुकड्यावर.
पेटला, धुमसला, विझला.
राखेत पेड न् पेड जागच्या जागी,
वळणंसुद्धा मोजता येत होती. मी मोजली. एकोणीस.
ओरडून बाला बोलावलं
आणि तो येईपर्यंत तोंडावर हात दाबून बसले.

तो आला. नीट दिसावं म्हणून वाकला.
त्याच्या श्वासानं
गेला.