रिकाम्या खांद्याने

चोंगछिंगला आलो ते रुओशीच्या हट्टापायी:
इमारतीच्या पोटातून जाणारी ट्रेन बघायची.
खाली शंभरेक माणसं आ वासून,
ट्रेन गिळतोय असे फोटो काढत.
आम्हीही काढले. बाबा एकातही नाहीत.

दुपारी धक्क्यावर गेलो, तर ते
जिन्याच्या तोंडाशी थबकले,
समोरच्याचं नाव आठवत असावं तसे.

एकोणीस वर्षं इथेच ओझी वाहिली त्यांनी,
खांद्यावर बांबू, धक्क्यापासून वरच्या बाजारापर्यंत:
फ्रिज, मिरच्यांची पोती,
एकदा तर कुणाची नवरी, चिखल होता म्हणून.
आम्हाला गावी नुसती मनीऑर्डर यायची.

"आजोबा, तिकडे लिफ्ट आहे!"
तोवर ते चढूही लागले होते.
चाळिसाव्या पायरीवर थांबले,
दम लागला असेल,
आणि मागे वळले.
खाली दोन नद्या, एक हिरवट, एक मातकट,
शेजारी शेजारी, अजून न मिसळलेल्या.

"अरेच्चा," म्हणाले,
"ही कायम पाठीमागेच राहिली की."

मग रुओशीची गुलाबी सॅक मागून घेतली,
उजव्या खांद्यावर टाकली.
रिकाम्याने तोल जातो म्हणे.

वर हॉटपॉटला आमचा नंबर एकशे सात.
ते पायरीवरच बसले,
सॅक न उतरवता.