झिरी

स्लोव्हेनियाच्या डोंगरात एक गाव आहे, झिरी.
आपल्याकडे झिरी म्हणजे फट,
हे तिथं कुणाला ठाऊक असायचं कारण नाही.
गाव पिढ्यान्‌पिढ्या जोडे शिवत आलं,
म्हणजे तसं पाहिलं तर फटी बुजवत आलं.

सिरिलच्या दुकानात छताला कलबुतं टांगलेली,
पायांचे लाकडी साचे, जोडीजोडीनं, चौदाशे.
प्रत्येकावर जाड पेन्सिलीनं नाव
आणि नावाखाली ते, जे माणूस शेजाऱ्याला सांगत नाही:
साखर, अंगठ्यावर भार नको.
पोलिओ, डावा, अकरा मिलिमीटर.
करंगळी नाही. (करवत.)
पाठ दुखते म्हणते, पण दुखतो तो घोटा.

पंचवीस मेपासून नवा कायदा.
नेझा लुब्लियानाहून आली शुक्रवारच्या बसनं,
लॅपटॉप, तक्ता आणि
बापाला दंड होईल ही धास्ती घेऊन.
शिवणयंत्र सरकवून तिनं जागा केली.

ही माहिती कोण पाहू शकतं?
"वर बघेल तो."

बाबा, नीट सांगा. आजाराची माहिती आहे ही,
हिला कायद्यात जास्त कडक कलम आहे.
संमती घेतली होती?
"त्यांनी मोजे काढले."

तिनं ते लिहिलं नाही.

कशासाठी गोळा करता?
"चालावं म्हणून."
हे मात्र तिनं लिहिलं, मग खोडलं,
मग पुन्हा लिहिलं.

किती काळ ठेवता?
"माणूस चालतंय तोवर."
आणि मग?
त्यानं लोखंडी शेगडीकडे बोट दाखवलं.
"मग हिवाळा असतो.
जानेवारीत म्हातारा पेचेलिन गेला.
बीचचं लाकूड, छान जळलं. दोन्ही पाय."

खोडून टाकण्याच्या रकान्यात
नेझा बराच वेळ काही लिहू शकली नाही.

दुपारी शिडी लावली.
नावांऐवजी आकडे, आणि नावांची वही कुलपात, असं ठरलं.
कुलूप घरात नव्हतंच; समोरच्या सायकलवाल्याकडून आणलं,
त्यानं किल्ल्या तीन दिल्या. एक तिनं परत पाठवली.
क्रमांक एक, क्रमांक दोन...
चारशे बाराला खांदा भरून आला.
मधेच एक बाई लेस घ्यायला आल्या, सवयीनं वर पाहिलं,
आणि जिथं शेजारणीचं नाव होतं तिथं
३८७ वाचून जरा नाराज होऊन गेल्या.

मागच्या ओळीत, तुळईच्या सावलीत,
नऊ जोड्या आधीच भिंतीकडे तोंड करून.
हे काय?
"काहींनी सांगितलं होतं. काहींनी नाही सांगितलं,
पण आत येताना दारातून आधी डोकावायचे."
कोणत्या साली फिरवले?
"कायदा नव्हता तेव्हा."

नववी जोडी लहान. आठ-नऊ वर्षांच्या मुलीची.
तिनं फिरवली.
अक्षर तेच, नाव तिचं.
उजवा, सहा मिलिमीटर. आत भरणे. बोलू नये.

शिडीवर बसून राहिली.
शाळेतले सगळे जोडे आठवले, लाल, तपकिरी, बर्फातले,
जे दुसऱ्या कुणाच्या पायात कधीच नीट बसले नाहीत.
आणि लुब्लियानातले दुकानातून घेतलेले,
आणि कंबर, आणि तीन डॉक्टर, आणि ती महागडी गादी.

तक्त्यात सतरावा प्रश्न होता:
ज्याची माहिती, त्याला ती मागता येते का?
मागितल्यास किती दिवसांत देता?

"शाळेत पोरं हसली असती," सिरिल खालून म्हणाला.
"नंतर तू मोठी झालीस.
नंतर राहून गेलं."

तीस दिवस असतात, बाबा. कायद्यानं.
तुम्ही एकोणतीस वर्षं लावलीत.

तो काही बोलला नाही. चष्मा शोधला,
कानावरची पेन्सिल काढली, मापाची फीत झटकली,
स्टूल ओढून तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला,
आणि मग आयुष्यात पहिल्यांदाच
गिऱ्हाइकाला विचारलं,
"घेऊ का माप?"

लॅपटॉपचा पडदा केव्हाच काळा झाला होता.
नेझानं मोजे काढले.