पासष्टावा टाका

डिसेंबरात लष्करात ऊन उशिरा येतं,
साडेदहाला, कोहरा पुसत पुसत.
आधी भदौरियांच्या टाकीवर, मग आमच्या गच्चीवर.
आम्ही आपापल्या खुर्च्या उचलून
त्याच्या मागे सरकत राहतो :
बारापर्यंत जिन्याशी,
दीडला कठड्याला टेकून.

कुंदाच्या मांडीवर दोसुती,
माझ्या मांडीवर नक्षा.
तिला आता बारीक चौकटी दिसत नाहीत, मला दिसतात.
माझे हात थरथरतात, तिचे नाही.
दोघांचं मिळून एक माणूस होतं,
राघू भरण्यापुरतं.

मी वाचतो : सात हिरवे, एक काळा, तीन सोड.
ती म्हणते : हं.
मी वाचतो : परत सात हिरवे.
ती म्हणते : हळू. ऑफिसचं टपाल नाही हे.

एजी ऑफिसात चौतीस वर्षं
मी दुसऱ्यांच्या बेरजा तपासल्या.
पाटबंधारे, पोलीस, एकदा तर प्राणिसंग्रहालय.
वाघाच्या मटणात अकरा रुपये जास्त लागले होते,
ते मी शोधून काढले, आक्षेप लिहिला, सही केली.
रात्री जेवताना कुंदानं विचारलं,
मग वाघाचं काय झालं?
मला माहीत नव्हतं.

त्या सगळ्या वर्षांत ती भरत होती.
उशांचे अभ्रे, रेडिओचं झाकण,
अवनीच्या फ्रॉकवर बदकांची रांग.
मी त्या उशांवर डोकं ठेवून झोपलो
आणि एकही टाका मोजला नाही.

हा राघू अवनीच्या बाळासाठी.
बाळ मार्चमध्ये यायचंय.
धागे दौलतगंजातून आणले.
दुकानदार लडी पुढे करायचा
आणि कुंदा ती घेऊन सरळ पायरीवर उन्हात जायची.
दुकानातला हिरवा आणि उन्हातला हिरवा
यांत म्हणे सासर-माहेराइतकं अंतर असतं.
मी पिशवी धरून उभा. मला दोन्ही सारखेच दिसले.

मंगळवारी रात्री झोप येईना.
उठलो. बॅटरी घेतली, भिंग घेतलं.
जुनी खोड : वर्ष संपताना हिशेब जुळला पाहिजे.
नक्ष्यात काळे चौसष्ट.
कापडावर पासष्ट.
पुन्हा मोजले. पासष्ट.

आणि मग नक्ष्याच्या घडीत तो सापडला,
गुळात माखलेला एक तीळ.
त्या दुपारी भदौरियाबाई गजक घेऊन आल्या होत्या,
लो भाईसाब, मुरैना की है,
आणि मी एका हातानं खात, दुसऱ्या हाताचं बोट ओळीवर ठेवून
वाचत होतो : एक काळा.
तो नक्ष्यातला नव्हता.
माझ्या तोंडून पडलेला होता.

सकाळी सगळं कबूल केलं.
तारीख, वेळ, ओळ एकेचाळीस, जबाबदार कर्मचारी मी.
म्हटलं, एकच टाका आहे, उसवू या.
कात्री आणू?

कुंदानं कापड डोळ्यांजवळ नेलं, मग लांब धरलं,
अंगठ्यानं राघूचा गाल चाचपला.
हसायला लागली. इतकी, की चष्मा काढावा लागला.
म्हणाली, तीळ पडला आणि तीळच उमटला की हो!
राहू दे.
बाळाला तीट लावतोच ना आपण,
राघूनं काय घोडं मारलंय?

माझ्या हातून सुटलेली चूक
अशी कोणी ठेवून घेतली नव्हती.
आक्षेप कुठे नोंदवायचा, कळेना.

ऊन जिन्यावरून सरकलं होतं.
खुर्च्या उचलल्या.
मी नक्षा कठड्याबाहेर नीट झटकला,
भदौरियांच्या मनीप्लांटवर काय पडायचं ते पडलं.
ती सुई वर धरून बसलेली. ओवून द्यायची होती.
चौथ्यांदा जमलं.

ओळ एकोणसाठ : दोन सोड, नऊ हिरवे.

हं, ती म्हणाली.
आणि डबा इकडे सरकवा. एकटेच खाताय.