घरी बर्फ पडला

पहाटे साडेचारला सर्जेकोटच्या जेटीवर क्रशर लावला.
दहा लाद्या, कुबलांच्या ट्रॉलरला.
खांद्यावर गोणपाट, तरी पाणी
पाठीवरून चड्डीपर्यंत उतरतंच.

खिशात फोन थरथरला. सुलक्षणा.
तिकडे जर्मनीत रात्रीचे बारा,
इस्पितळातून नुकती आलेली.
व्हिडिओत एक सायकल, सीटवर वीतभर पांढरं,
कचऱ्याचे डबे टोप्या घालून उभे,
आणि तिचा आवाज, शाळा सुटल्यासारखा :
‘बाबा, घरी पहिला बर्फ पडला!’

तीनदा पाहिला.
पडताना आवाजच नाही त्या बर्फाला.
आमचा लोखंडाशी भांडतो,
लादीवर विकला जातो,
बांगड्यांच्या डोळ्यांवर बसून
दुपारपर्यंत गुलाबी होतो.

‘खण रिकामो आसा रे!’ तांडेल ओरडला.
फावडं उचललं.
चुरा सरसरत गेला खाली,
वाफेसारखं काही वर आलं तोंडावर.

घरी, म्हणाली.

सहज म्हणाली असेल.
आम्हीही म्हणतोच की होडीला घर,
आठ दिवस बाहेर असलो की.

कामानंतर लिहायला बसलो दोरखंडावर.
ओली बोटं काचेवर लागेनात.
सदऱ्याला पुसली, पुन्हा पुसली,
मग एवढंच गेलं :
सायकल आत घे. गंजेल.