एकच तळघर

गुरुवारी रात्री, भांडी विसळून झाल्यावर
वाखोने टेबलावर नकाशा पसरला.
कोपरा सारखा वळत होता,
म्हणून मिठाची वाटी ठेवली तेलावीवर.
पाच तळघरं, तो म्हणाला. दोन दिवस. निवांत.
पेन्सिलीचे पाच गोल.
मी विचारलं, आणि हिची झोप कुठल्या गोलात?

नुत्सा अकरा ते एक झोपते.
म्हणजे, झोपायची. मंगळवारपर्यंत.

पहिला गोल मी पुसला:
तिथल्या गल्ल्या दगडगोट्यांच्या,
आणि बाबागाडीचं पुढचं चाक आधीच रुसलेलं.
दुसऱ्याच्या अंगणात पर्यटकांच्या बसगाड्या, ढोल,
आणि मेंढीची टोपी घालून फोटो काढणारे काका.
तिसरा वाखोनेच खोडला, मी काही न बोलता.
तो लेवानचा.
लेवानकडे बसलं की उठणं नाही.
तो पूर्वजांसाठी पेला उचलतो, देशासाठी उचलतो,
रस्त्यासाठी, शेजाऱ्याच्या गाईसाठी,
आणि घरात बाळ असलं तर बाळासाठी,
उभं राहून, तीनदा, खड्या आवाजात.
चौथा कुठे गेला आठवत नाही.
बहुतेक मिठाच्या वाटीखाली.

लग्नाआधी गोंबोरीचा घाट चढलो
तेव्हा मागच्या सीटवर एक गिटार होती, बस्स.
आता चंबूगबाळं:
लंगोट अकरा (वाखो म्हणाला सहा,
म्हणू दे),
झबली वळणागणिक एक,
ती चादर, तीच, दुसरी चालत नाही,
आणि लाकडी चमचा, जो खेळणं आहे
आणि कुणीही त्याने ढवळायचं नाही.

मी अजून पाजते.
म्हणजे माझ्या वाट्याला वास, आणि एखादा घोट.
वाखो एकदा पैसे भरून शिकून आला होता:
पेला हलके फिरवायचा, नाक खुपसायचं,
जिभेवर घोळवायचं, डोळे मिटायचे,
मग थुंकायचं.
नुत्सा हेच आठवडाभर करतेय
भोपळ्याच्या लगद्यावर, फुकटात,
माझ्या बाहीत.

उरला जुम्बेर, गावाच्या पार टोकाला.
फोनवर मी चाचरत विचारलं,
आमच्याबरोबर बाळ आहे. चालेल ना?
किती महिन्यांचं?
सहा.
मग कसं चालेल, तो म्हणाला. उचलून आणा.

रविवारी तो क्वेव्री उघडणार आहे,
माणूस बुडेल एवढा रांजण, जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेला,
ऑक्टोबरात माती लिंपून बंद केलेला.
फार आवाज करू नका, एवढं मात्र बजावलं.
वाइनला त्रास होतो का?
नाही. दुपारी त्सियाला झोपते.

ऑक्टोबरात.
मी फोन ठेवला आणि बोटांवर मोजत राहिले, उगाच.
त्या रात्री वाखो चुलत्याच्या मळ्यातून
थेट दवाखान्यात आला होता,
पोटऱ्यांवर चोथा वाळलेला, नखं जांभळी.
नर्सने तीनदा हात धुवायला लावले.
रंग गेला नाही.
तिचा पहिला फोटो आहे आमच्याकडे:
चेहरा धड दिसत नाही,
नुसतं पांढरं गाठोडं
आणि त्याला धरलेली दहा जांभळी नखं.

तर ठरलं. एक तळघर, एक दुपार.
निघायचं ती उठेल तेव्हा.
परत यायचं त्यापुढे वाखोने काही लिहिलं नाही,
कारण आतून आवाज आला,
आधी कुरबुर, मग पूर्ण वाक्य.
तो धडपडत उठला, कोपर लागलं,
वाटी कलंडली.

मीठ पसरलं नेमकं घाटात,
वरच्या वळणांवर जास्त, उतारावर विरळ.
एप्रिलात तिथे अजून बर्फ असतो का?
मी बोटाने थोडं बाजूला सारलं, रस्ता दिसेल इतपत,
आणि यादीत वाढवलं:
टोप्या, दोन.