दर वीस मिनिटांनी एक थेंब

सेगेड. तिसा नदीवरचं धुकं
खिडकीच्या काचेला गाल लावून उभं.
रात्रपाळी माझी.
उंदीर क्रमांक एक्केचाळीस भुशात नाक खुपसून झोपलाय,
डोक्यातून निघालेल्या त्याच्या दोन केसाएवढ्या नळ्यांपैकी एक
दर वीस मिनिटांनी मला एक थेंब देते.
कुपीवर पेन्सिलीने वेळ घालते: २.४०. ३.००.

थेंबात डोपामिन किती, ते यंत्र सांगतं
कागदावर टेकाड काढून.
उंच टेकाड, तर उंदराला काहीतरी हवंसं झालं होतं.
बुटकं, तर नव्हतं.
(इतकं सोपं नसतं, असं डॉक्टर व्हिदोर म्हणतात.
आल्या आल्या तेही आधी टेकाडच बघतात.)

डोपामिन सगळ्यांना ठाऊक,
माझे केस कापणाऱ्या बाईलासुद्धा.
ग्लुटामेटला कोण विचारतो?
सांगायला गेलं की म्हणतात, ते ना, सूपमधलं?
हो, तेच. पण सूपमधलं बहुतेक
मेंदूच्या वेशीवरून परत फिरतं.
आतलं आतच घडतं,
कपाळामागून निघून खाली मध्यमेंदूत उतरतं
आणि डोपामिनच्या पेशीच्या दारावर थाप मारतं.

दारं, म्हणजे रिसेप्टर.
एक जात मऊ बिजागरीची: थाप पडली की किलकिली.
दुसरी हट्टी. तिच्या तोंडात मॅग्नेशियमचा कण
बुचासारखा बसलेला.
नुसत्या थापेला तो दाद देत नाही.
आतूनही कोणी उठून यावं लागतं, त्याच क्षणी.
एका हाताने टाळी वाजत नाही, हे
पेशीला कुणी शिकवलं असेल?
मग बूच निघतं, कॅल्शियम आत घुसतं,
आणि एरवी हूं हूं करत बसलेली पेशी
भडाभडा बोलत सुटते.

आज तीन वाजता दुसऱ्या नळीतून औषध सोडलं,
हट्टी दारांना कुलूप घालणारं.
३.२०: टेकाड निम्मं.
३.४०: वारुळाएवढं.
उंदराने कूस बदलली. मला वाटलं,
हा काहीतरी मागायचं विसरला.
वहीत असं लिहीत नाहीत.
मी लिहिलं, साठ टक्के घट.

घरी वडील, देझो.
एकतीस वर्षं दोरावरची नाव हाकली त्यांनी,
माणसं, सायकली, एकदा एक वासरू.
नदी ओलांडत आले जन्मभर.
आता स्वयंपाकघराचा उंबरठा ओलांडवत नाही.
पाय जमिनीला चिकटतात, वरचं अंग मात्र पुढे निघालेलं.
मी त्यांच्या पावलापुढे माझा बूट आडवा ठेवते.
बुटावरून ते पाय टाकतात. का, ते अर्धंमुर्धं माहीत आहे.

मागे एकदा त्यांना हट्टी दाराची गोष्ट सांगितली.
बराच वेळ चमचा कपात वाजत राहिला, हात थरथरत होता म्हणून.
मग म्हणाले, कळलं की, बोरोका.
पलीकडच्या काठावरून हाक आली आणि मी झोपलेला असलो,
तर काय? नाव तिथेच.
मी जागा, पण हाकच नाही,
तरी नाव तिथेच.

डॉक्टर व्हिदोरांना एका तासात जमलं नव्हतं इतकं सोपं करून.

पण मी त्यांना पुढचं सांगितलं नाही.
की तुमची दारं अजून जागेवर आहेत, बाबा,
दारामागची घरंच एकेक करून रिकामी होतायत.
बाहेर हाका चालूच, उलट काही गल्ल्यांत
हव्यात त्याहून जास्त आरडाओरडा.
उठणारा माणूस कमी होत चाललाय.
यावर आमच्याकडे औषध आहे, आणि नाहीही.

६.४०. शेवटची कुपी बर्फात.
एक्केचाळीस उठला, पुढचे पाय धुतोय,
काही घडलंच नाही अशा थाटात.

निघताना पिवळी चिकटपट्टी खिशात टाकते,
प्रयोगशाळेची. हिशोबात ती कुठेच नाही.
उंबरठ्याच्या अलीकडे तीन रेघा ओढते फरशीवर,
वीतभर अंतराने.
वडील रेघांकडे बघतात.
नदीकडे बघायचे तसे, पाणी किती चढलंय ते जोखत.

डावा पाय उचलला.

मग बराच वेळ काही नाही.
मी घड्याळाकडे बघत नाही.