दुपारचे दोन पाहुणे

पाचशे एकवीस पायऱ्या.
शेवटच्या चाळीस अशा उभ्या, की दगडालाच हात टेकावा लागतो
आणि टेकला की वाटतं, नमस्कार आपोआपच झाला.

मी इरुळप्पन. खाली गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर.
गावात मला नावाने कमी,
"सुईवाला" म्हणूनच जास्त ओळखतात.
दर शुक्रवारी चढतो परुंदुमलै.
देवाकडे मागायला काही नसतं,
बघायला जातो, आज आले का.

आई सांगायची:
दोन भाऊ होते, तपस्वी, पण भांडखोर.
शिव मोठा की शक्ती, यावरून सात दिवस हुज्जत.
आठव्या दिवशी देव वैतागला, म्हणाला,
जा, पंख घ्या, आणि भूक म्हणजे काय ते शिका.
तेव्हापासून सकाळी गंगेत बुडी, रात्री समुद्राकाठी झोप,
जेवायला मात्र इथेच.
"आपल्याकडचा गूळ गोड ना रे," आई म्हणायची,
जणू काशीच्या गुळाची तिने चव घेतली होती.

ते उतरायचे बाराच्या ठोक्याला,
पांढरे, पिवळ्या तोंडाचे, चालीत म्हाताऱ्या सावकारांसारखे.
गुरुक्कळ पितळी वाडगा खडकावर ठेवायचे,
तूप-गुळाचा पोंगल, वाफ निघत असलेला.
आधी एक खायचा, मग दुसरा, चोच दगडाला पुसून निघून जायचे.
मग वरची घंटा व्हायची
आणि मगच आमच्या गल्लीत पानं वाढली जायची.
मी शाळेतून धावत यायचो, पोटात कावळे,
पण घंटेआधी आईचा हात भाताला लागत नसे.

आता बारा वाजता कुकरची शिट्टी होते.

अकरा वर्षं झाली.
कोणी म्हणतं, टॉवरमुळे. कोणी म्हणतं, गुरुक्कळांच्या मुलाने
समुद्रापार लग्न केलं म्हणून.
पूंगावनम म्हणते, शाप संपला, सुटले बिचारे,
आणि फुलांचे गजरे दोन रुपयांनी महाग विकते.

मला माहीत आहे.
निळ्या झाकणाची कुपी होती. अंग दुखणाऱ्या गाईला
एक सुई दिली की तासाभरात उठून रवंथ करायची.
बायका रडायच्या आनंदाने, मला ताक द्यायच्या.
ज्या गाई नाहीच उठल्या, त्या ओढ्यापलीकडे टाकल्या जायच्या,
आणि पाहुणे दुपारी गोड खायचे
तरी सकाळी ओढ्यापलीकडेच उतरायचे.
हे कथेत नाही. देवाच्या पाहुण्यांची न्याहारी कोण सांगतं?
बंदीचा सरकारी कागद आला तेव्हा
माझ्या कपाटात अजून सदतीस कुप्या होत्या.
मी मोजल्या. मग परत मोजल्या.

आज गुरुक्कळांना सांगितलं.
वाडगा ठेवून ते सावलीत टेकले होते,
वय ऐंशीच्या पुढे, तरी अकरा वर्षांत एकही दुपार चुकली नाही.
सगळं ऐकलं. वर आभाळाकडे नाही, माझ्या हाताकडे बघत राहिले.

"गाईचं दुखणं थांबायचं का?"
"थांबायचं."
"हं."

बराच वेळ काही नाही. दगड तापले होते.
पोंगलवर साय धरत होती.
एक कावळा आला, मग दुसरा, बेशरमपणे जवळ जवळ.
रोज ते काठी आपटतात.
आज काठी माझ्या बाजूला सरकवली
आणि डोळे मिटले.

काठी हातात घेऊन मी बसलो.
कावळे माझ्याकडे बघत होते. मी वाडग्याकडे.
खाली कुणाच्या तरी गोठ्यात वासरू हंबरत होतं.
साडेबारा झाले असावेत.